‘प्रॉपर्टी’ : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उगम

‘प्रॉपर्टी’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात रुळला तो मुख्यतः घर, फ्लॅट, प्लॉट या अर्थाने. ‘गावाकडची प्रॉपर्टी’, ‘प्रॉपर्टी कार्ड’, ‘प्रॉपर्टीवरून लागलेली भांडणे’ हे प्रयोग आता कोणाला परके वाटत नाहीत. नाटकवाल्यांच्या तोंडी हाच शब्द रंगमंचावर लागणाऱ्या सटरफटर सामानासाठी येतो आणि इंग्रजी शाळेतला विद्यार्थी तोच शब्द पाण्याच्या किंवा त्रिकोणाच्या गुणधर्मासाठी वापरतो. मराठीत ‘मालमत्ता’ आणि ‘गुणधर्म’ हे शब्द अगदी वेगळे असल्यामुळे हे अर्थ योगायोगाने एका उच्चाराखाली गोळा झाले असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते एकाच मुळातून फुटलेले आहेत. त्यांतला आधीचा अर्थ कोणता, हा शब्द जमिनीला केव्हा लागू लागला आणि त्याने वस्तू दाखवायची की वस्तूवरचा हक्क, या प्रश्नांवर भाषाभ्यासक, इतिहासकार आणि कायदेपंडित यांच्यात बराच खल झाला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ठरले आहे, दुसऱ्याचे बऱ्याच अंशी, तिसऱ्याचे मुळीच नाही.

लॅटिन मूळ

शब्दाच्या तळाशी लॅटिनमधले ‘प्रोप्रियुस’ हे विशेषण आहे. अर्थ : स्वतःचा, खास त्याचाच, दुसऱ्या कोणाशी सामाईक नसलेला. ‘प्रो प्रीवो’, म्हणजे ‘एकेकट्यासाठी’, या शब्दजोडीतून ते घडले, अशी व्युत्पत्ती बहुतेक कोशांत आढळते. ‘प्रायव्हेट’ हा शब्दही त्याच ‘प्रीवुस’चा वंशज. मात्र सावध कोशकार ही व्युत्पत्ती ‘बहुधा’ असे म्हणूनच देतात.

या विशेषणापासून ‘प्रोप्रिएतास’ हे नाम बनले. सिसेरोच्या लेखनात ते एखाद्या गोष्टीचे खास वैशिष्ट्य या अर्थाने येते. रोमन कायद्यात मालकीसाठी मुख्य शब्द ‘दोमिनियुम’ हा होता. ‘प्रोप्रिएतास’ पुढे आला तो विशेषतः उपभोग एकाकडे आणि मालकी दुसऱ्याकडे अशी फाळणी झाली म्हणजे. एखाद्या रोमन गृहस्थाने मृत्युपत्रात घराचा हयातभर उपभोग विधवेला आणि घर मुलाला दिले, तर आई हयात असेपर्यंत मुलाच्या हाती उरते ती कोरडी मालकी. तो त्या घरात राहू शकत नाही आणि भाडेही घेऊ शकत नाही, पण घर त्याचेच असते. हाताशी काही नसताना उरणाऱ्या या ‘त्याचेपणा’साठी ‘प्रोप्रिएतास’ हा शब्द नेमका बसला.

दुसरी वाट तर्कशास्त्रातून आली. अॅरिस्टॉटलने एखाद्या जातीच्या सर्व व्यक्तींत आढळणाऱ्या आणि इतरत्र न आढळणाऱ्या धर्मासाठी ‘इदियोन’ हा ग्रीक शब्द वापरला होता. हसू शकणे हा माणसाचा असा धर्म, हे शाळांतले ठरलेले उदाहरण. तिसऱ्या शतकात पॉर्फिरीने आपल्या प्रवेशिकेत ही कल्पना पाच मूलभूत संज्ञांमध्ये बसवली, बोएथियसने तिला लॅटिनमध्ये ‘प्रोप्रियुम’ हे रूप दिले आणि मध्ययुगीन युरोपातले विद्यार्थी शतकानुशतके ते घोकत राहिले. ‘गुणधर्म’ हा अर्थ विद्वानांच्या तोंडी पक्का झाला तो या घोकंपट्टीतून.

अर्थाने शेजारी असलेले दोन इंग्रजी शब्द मात्र वेगळ्या घराण्यांतले आहेत. ‘ओन’ हा मूळचा जर्मानिक. त्याचा धातू संस्कृत ‘ईश्’ या धातूशी जोडला जातो, म्हणजे ‘ओनर’ हा दूरच्या नात्याने ‘ईश’ आणि ‘ईश्वर’ यांचा भाऊबंद लागतो. ‘पझेशन’ लॅटिनमधून आला. त्याच्या पूर्वपदाचे नाते संस्कृत ‘पति’शी आणि उत्तरपदाचे ‘सद्’, म्हणजे बसणे, या धातूशी आहे. धनी होऊन बसणे, हा त्याचा शब्दशः अर्थ. कब्जा या कल्पनेचे इतके रोखठोक वर्णन कायद्याच्या पुस्तकातही सापडत नाही.

इंग्रजीत प्रवेश

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडचा दरबार आणि न्यायालये फ्रेंच बोलू लागली आणि ‘प्रोप्रिएते’ हा फ्रेंच शब्द तिथल्या कानांवर पडू लागला. इंग्रजी लेखनात तो १३०० च्या सुमारास दिसतो, आणि तोही स्वभाव किंवा गुण या अर्थाने. तेराव्या शतकातल्या बार्थोलोम्यू या फ्रान्सिस्कन भिक्षूने लॅटिनमध्ये एक मोठा ज्ञानकोश रचला होता. त्याच्या नावाचा अर्थच ‘वस्तूंच्या गुणधर्मांविषयी’ असा. जॉन ट्रेव्हिसाने १३९८-९९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले. त्यात तारे, पक्षी, रत्ने, रोग यांच्या ‘प्रॉपर्टीज’ वर्णिल्या आहेत. मालकीचा प्रश्न तिथे निघत नाही.

मालकीचा अर्थही चौदाव्या शतकात भेटतो, पण क्वचित. सतराव्या शतकापर्यंत तो विरळच राहिला, याबद्दल कोशकारांचे एकमत आहे. दरम्यान नाटकमंडळ्यांनी पंधराव्या शतकात खेळाच्या सामानाला ‘प्रॉपर्टीज’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे ‘प्रॉप्स’ झाले. याच शब्दाचे जुळे भावंड ‘प्रोप्रायटी’. सतराव्या शतकातले लेखक मालकीसाठी दोन्ही शब्द सर्रास वापरत. नंतर वाटणी झाली : ‘प्रॉपर्टी’कडे मालमत्ता गेली, ‘प्रोप्रायटी’कडे औचित्य. ज्याचे त्याला शोभणारे ते उचित, हा जुना दुवा त्या दुसऱ्या शब्दात अजून जिवंत आहे.

उपभोग आणि मालकी यांच्यातल्या ताणावर मध्ययुगात एक मोठा धार्मिक वादही झडला. फ्रान्सिस्कन भिक्षूंचा दावा होता की ते अन्नवस्त्र वापरतात, पण त्यांच्या मालकीचे काहीच नाही. पोप बाविसावा जॉन याने १३२२ मध्ये हे अमान्य केले. वापरताच संपणाऱ्या वस्तूच्या बाबतीत वापर आणि मालकी वेगळी काढता येत नाही. भाकरी खाणारा ती आपली म्हणूनच खातो, असा त्याचा युक्तिवाद होता. विल्यम ऑफ ऑकमने त्याला सविस्तर विरोध केला. ‘प्रोप्रिएतास’ म्हणजे वस्तू हाताळण्याची मुभा, की न्यायालयात भांडण्याचा अधिकार, हा प्रश्न पहिल्यांदा इतक्या धारदारपणे विचारला गेला तो या भिक्षेकऱ्यांच्या निमित्ताने.

जनावरे आधी, जमीन नंतर

आज ‘प्रॉपर्टी’ म्हटले की आधी जमीन डोळ्यांपुढे येते. जुन्या इंग्रजी कायद्यात हे उलटे होते. डेव्हिड सीप यांनी मध्ययुगीन खटल्यांच्या वार्षिक टिपणांचा अभ्यास करून १९९४ मध्ये दाखवले, की वकील हा शब्द वापरत तो चीजवस्तू आणि जनावरांच्या संदर्भात : हा बैल कोणाचा, पिंजऱ्यातून उडालेला ससाणा अजून पहिल्याच धन्याचा का, अशा वादांत. जमिनीच्या दाव्यात बोलले जाई ते ‘राइट’ आणि ‘सीझिन’, म्हणजे हक्क आणि रीतसर ताबा, यांच्या भाषेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही कुंपणे ढिली होऊ लागली. ‘ओनर’ हा शब्द १३४० चा, तर ‘ओनरशिप’ १५८३ चा, ही कायद्याचा इतिहासकार मेटलंड याने ऑक्सफर्ड कोशाच्या आधारे केलेली नोंदही याच दिशेला बोट दाखवते.

असे का, याचे उत्तर सरंजामी रचनेत आहे. त्या रचनेत जमीन कोणाचीच पूर्णपणे नसे. प्रत्येक जण ती वरच्या कोणाकडून तरी धारण करी आणि साखळीच्या टोकाला राजा असे. जॉन काउएलने १६०७ च्या आपल्या कायदेकोशात हे स्पष्ट लिहिले : प्रॉपर्टी म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही मेहेरबानीवर न टेकलेला सर्वोच्च हक्क, आणि इंग्लंडात जमिनीवर असा हक्क राजाखेरीज कोणालाच नाही. राजसत्तेविषयीच्या इतर नोंदींवरून संसद खवळली आणि १६१० मध्ये राजाला स्वतःच जाहीरनामा काढून हा कोश दडपावा लागला. जी. ई. एल्मर यांनी १९८० मध्ये काउएलपासून पुढच्या कायदेकोशांची तुलना केली. त्यांच्या मते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवरची संपूर्ण खासगी मालकी ही कल्पना या कोशांत स्थिरावली. हा बदल भाषेतला, की समाजातला, की फक्त कोशकारांच्या धिटाईतला, यावर मतभेद आहेत. कोश वापराच्या मागून चालतात हे लक्षात घेता, एल्मर यांच्या पुराव्यावरून काळ ठरवता येतो, कारण ठरवता येत नाही.

लॉक आणि ब्लॅकस्टोन

जॉन लॉकच्या १६८९ मध्ये निघालेल्या शासनविषयक दोन प्रबंधांनी हा शब्द राजकीय विचाराच्या मध्यभागी आणला. अडचण अशी की लॉक तो दोन मापांनी वापरतो. श्रम मिसळून निसर्गातली वस्तू आपलीशी करण्याबद्दल तो लिहितो तेव्हा प्रॉपर्टी म्हणजे जमीन आणि जिन्नस. शासनाचा हेतू सांगताना मात्र तो माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि मत्ता या तिन्हींना मिळून प्रॉपर्टी म्हणतो. सी. बी. मॅकफर्सन यांनी १९६२ च्या ग्रंथात लॉकला उगवत्या बाजारी समाजाचा प्रवक्ता ठरवले आणि शब्दाच्या अरुंद अर्थावर भर दिला. जेम्स टली यांनी १९८० मध्ये उलट बाजू मांडली : लॉकच्या काळी हा शब्द रुंदच होता आणि त्याची मालकी नैसर्गिक नियमाच्या मर्यादांनी बांधलेली होती. दोन्ही वाचनांना लॉकच्या पानांत आधार मिळतो.

विल्यम ब्लॅकस्टोनचे स्थान वेगळे. १७६६ मध्ये आलेल्या त्याच्या भाष्याच्या दुसऱ्या खंडाच्या आरंभी प्रॉपर्टीचे वर्णन बाह्य वस्तूंवर एकाच माणसाची, जगातल्या इतर सर्वांना वगळणारी, निरंकुश सत्ता असे आहे. हे वर्णन पुढे इतके गाजले की त्यालाच व्याख्या समजले जाऊ लागले. पण त्याच खंडात पुढे पानोपानी वहिवाटीचे रस्ते, सामाईक चराई, हयातीपुरते हक्क, गहाण अशा तुकड्यांचा तपशील आहे. निरंकुश सत्ता त्यात शोधूनही सापडत नाही. कॅरल रोझ यांनी १९९८ मध्ये ब्लॅकस्टोनच्या या अस्वस्थतेकडे लक्ष वेधले. डेव्हिड शोर यांनी २००९ मध्ये त्याच्या नावावर चालणारी कल्पना त्याची स्वतःची कितपत, हेच विचारले.

वस्तू की हक्कांची मोळी

विसाव्या शतकातला मुख्य वाद अमेरिकेत रंगला. येल विद्यापीठाच्या नियतकालिकात १९१३ आणि १९१७ मध्ये वेस्ली होफेल्डने दोन लेख लिहिले. त्याच्या मते हक्क हा माणूस आणि वस्तू यांच्यातला नसतोच. तो माणसामाणसांतला असतो. शेत माझे, याचा अर्थ इतरांनी त्यात शिरू नये हे त्यांचे कर्तव्य, ते विकण्याची मला असलेली शक्ती, त्यात काय पेरायचे ही माझी मोकळीक, वगैरे. या मांडणीला ‘हक्कांची मोळी’ हे जुने रूपक चिकटले. ते जॉन ल्युइस यांच्या सक्तीच्या भूसंपादनावरील १८८८ च्या ग्रंथात आधीच आले होते. ए. एम. ओनोरे यांनी १९६१ मध्ये पूर्ण मालकीची अकरा अंगे मोजून दाखवली. टॉमस ग्रे यांनी १९८० मध्ये यातून टोकाचा निष्कर्ष काढला : मोळी सोडली की काटक्याच उरतात, तेव्हा प्रॉपर्टी ही एकसंध कल्पना आता उरलेली नाही.

दुसऱ्या पक्षाला हे मान्य नाही. जेम्स पेनर यांनी १९९७ मध्ये आणि टॉमस मेरिल व हेन्री स्मिथ यांनी त्याच सुमाराच्या लेखांत वस्तूला पुन्हा मध्यभागी आणले. रस्त्यावरून जाणाऱ्याला कुंपणापलीकडचे शेत कोणाचे, गहाण आहे की नाही, हे काही ठाऊक नसते. ते ‘आपले नाही’ एवढे कळले की त्याला पुरते. मालकीची ताकद या ढोबळपणातच आहे. प्रत्येकाला मोळीतली काटकी न् काटकी तपासावी लागली तर व्यवहार ठप्प होतील. इतरांना मज्जाव करण्याचा हक्क हा या मताचा गाभा.

मोळीवाद्यांचे बळ दिसते ते वस्तू जरा विचित्र असते तेव्हा. जॉन मूर या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात काढली गेली आणि तिच्या पेशींपासून पेटंट घेतलेली पेशीमालिका तयार झाली. त्याने नफ्यात वाटा मागितला. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की शरीराबाहेर गेलेल्या पेशींवर त्याला मालकीचा दावा लावता येणार नाही. संशोधनातला आपला आर्थिक हितसंबंध डॉक्टरांनी दडवला, याबद्दल मात्र दाद मागता येईल. पेशी त्याच्याच होत्या हे कोणी नाकारले नाही. ‘त्याच्या’ असणे म्हणजे त्याची ‘प्रॉपर्टी’ असणे नव्हे, असे ठरले. ‘बौद्धिक संपदा’ या संज्ञेवरही असाच आक्षेप आहे : मर्यादित मुदतीच्या मक्तेदारीला प्रॉपर्टी म्हटले की शब्दाबरोबर ब्लॅकस्टोनची निरंकुशताही आत येते. तरीही १९६७ च्या करारातून उभ्या राहिलेल्या जागतिक संघटनेच्या नावातच ती संज्ञा बसली आहे आणि आता ती हलण्याची चिन्हे नाहीत.

भारतीय कायद्यातला प्रवास

हा शब्द भारतात आला तेव्हा त्याची जागा रिकामी नव्हती. धर्मशास्त्रात ‘स्वत्व’ ही संज्ञा होती आणि तिची घडण ‘प्रोप्रियुस’सारखीच, ‘स्व’पासून. स्वत्व केवळ शास्त्रावरून कळते की लोकव्यवहारावरून, हा निबंधकारांचा जुना वाद. कल्याणीच्या चालुक्य दरबारातल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत ते लौकिक ठरवले. शास्त्र ज्यांना ठाऊक नाही असे सीमेपलीकडचे लोकही खरेदीविक्री करतात, हा त्याचा एक पुरावा. मुलाला वडिलार्जित धनात जन्मतःच स्वत्व मिळते, की बापाच्या पश्चात, यावर मिताक्षरा आणि जीमूतवाहनाचा दायभाग यांचे जमले नाही. महाराष्ट्रात मिताक्षरेचाच अंमल राहिला. व्यवहारातले ‘मालमत्ता’, ‘मिळकत’, ‘मालक’ हे शब्द अरबीतून फारसीवाटे आले. त्यातली ‘मत्ता’ आज ताळेबंदात दायित्वासमोर एकटीच उभी असते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या इंग्रजी नावात ‘प्रॉपर्टी’ आहे, पण व्याख्या नाही. स्थावर मालमत्तेत उभे इमारती लाकूड, उभी पिके आणि गवत येत नाही, इतकेच त्यात सांगितले आहे. एवढ्या नकारातूनही गुंते निघतात. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या खटल्यात एका जमीनदाराने २६ एप्रिल १९४८ रोजी आपल्या पत्नीला जंगलातला बांबू, जळाऊ लाकूड आणि साग तोडून नेण्याचा हक्क २६,००० रुपयांना, डिसेंबर १९६० पर्यंत, लिहून दिला होता. दस्त नोंदवलेला नव्हता. मग जमीनदारी गेली आणि सरकारने तोड थांबवली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी झाड आणि ‘उभे लाकूड’ यांत फरक केला. लवकरच तोडायचे, लाकूड म्हणून वापरण्याजोगे, ते जंगम. जमिनीतून रस घेत वर्षानुवर्षे वाढत राहणार, ते स्थावर. बारा वर्षांहून अधिक मुदतीचा हक्क दुसऱ्या प्रकारातला, म्हणून नोंदणीविना निष्फळ. साग तोच, पण त्याची मालमत्तेतली जात ठरते ती कुऱ्हाड केव्हा पडणार यावरून.

काउएलचा राजाही इथे वेगळ्या वेषात भेटतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावर ज्याचे नाव असते त्याला कायदा ‘भोगवटादार’ म्हणतो, मालक नव्हे. वर्ग दोनच्या भोगवटादाराला जमीन विकायची तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. फेरफार नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही की जात नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ‘सातबारा नावावर आहे’ या वाक्यातला आत्मविश्वास त्याने कमी झालेला नाही. सातबारा नसलेल्या गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी ड्रोनने मोजणी करून पत्रक देण्याची योजना सुरू झाली. तिच्या इंग्रजी नावाची अद्याक्षरे जुळवून ‘स्वामित्व’ केले आहे.

राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो त्या भागातून काढून अनुच्छेद ३००-अ मध्ये नेला. त्यात मोळीची कल्पना अलीकडे उघडपणे आली : मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदात नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक हेतू, भरपाई अशा सात उपहक्कांची गुंफण आहे असे म्हटले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींवरून निघालेल्या, १९९२ पासूनच्या वादात निर्णय दिला. मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन या इमारती रहिवाशांच्या सोसायट्यांसाठी संपादन करण्याची तरतूद १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात झाली होती. प्रश्न असा, की खासगी मालमत्ता ही ‘समुदायाची भौतिक साधनसंपत्ती’ आहे का. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये रंगनाथ रेड्डी खटल्यात दिलेले व्यापक उत्तर बहुमताने नाकारले : प्रत्येक खासगी मालमत्ता आपोआप तशी ठरत नाही, संपत्तीचे स्वरूप, तिची अंगभूत वैशिष्ट्ये, टंचाई आणि ती मोजक्या हातांत एकवटल्याचे परिणाम पाहून ठरवावे लागेल. न्यायमूर्ती धुलिया यांनी असहमती नोंदवली. मालकीचा वाद सोडवताना न्यायालयाला वस्तूच्या गुणधर्माकडे वळावे लागले, ही शब्दाच्या इतिहासाला साजेशीच गोष्ट.

न सुटलेले

व्युत्पत्तीवरून कायद्याचा वाद मिटत नाही, हे दोन्ही पक्ष मान्य करतात. तरी दोघेही लॅटिनचा दाखला द्यायला चुकत नाहीत. बोलण्यातला वस्तूवाचक अर्थ हा केवळ सैलपणा आहे असे मॅकफर्सनसारखे लेखक समजत. पण कायदेपंडितांनी शंभर वर्षे दुरुस्त करूनही तो अर्थ हटलेला नाही, आणि मेरिल-स्मिथ पक्षाला यातच आपल्या म्हणण्याचा पुरावा दिसतो. जमिनीला हा शब्द नेमका कोणत्या कारणाने लागला, यावर सीप आणि एल्मर यांच्यानंतर निर्णायक म्हणावे असे उत्तर आलेले नाही.

सर्वांत ताजा पेच आभासी चलनाचा आहे. इंग्लंडमध्ये १८८५ पासून असे मानले जात होते की जंगम मालमत्तेचे दोनच प्रकार : हाताने धरता येणारी वस्तू, नाहीतर न्यायालयात वसूल करता येणारे येणे. बिटकॉइन हातात धरता येत नाही आणि तो कोणाकडून येणेही नसतो. इंग्लंड व वेल्सच्या विधी आयोगाने २०२३ मध्ये तिसऱ्या प्रकाराला जागा करून देण्याची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठीचे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले गेले. या तिसऱ्या प्रकारात काय काय बसते, हे विधेयकाने सांगितले नाही. ते ठरवण्याचे काम त्याने न्यायालयांवर सोपवले.